बाजूला ठेवलेली पोळी

केशरबाईला मी कधीच आवडले नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं असंही नाही. ती माझी सासू. नंदुरबारची, घरात अहिराणी बोलणारी. मी नगरची. लग्न होऊन सुरतेजवळच्या उधन्याच्या चाळीत आले त्या दिवशी तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सुकदेवला, म्हणजे माझ्या नवऱ्याला म्हणाली, "पुस्तकसारखी बोलस ही." झालं. तिथून जे सुरू झालं ते ती जाईपर्यंत. माझ्या हातचा चहा तिला पांचट लागायचा, माझी प्रार्थना लांबलचक वाटायची, आणि मी मुलाला उजव्या कुशीवर घेतलं तर ती म्हणायची डाव्या घे. तिचं सगळं बोलणं अहिराणीत असायचं, पण मी ते सरळ मराठीत सांगते. नाहीतर निम्म्या लोकांच्या डोक्यावरून जाईल.

आम्ही ख्रिस्ती. आमच्या नगरकडे चर्चला देऊळच म्हणतात, आणि सुरतचे गुजराती ख्रिस्तीही देवळच म्हणतात, तेवढी एक गोष्ट तरी तिथं मला ओळखीची वाटली. केशरबाईचा जन्म तर देवळाच्या आवारातच झालेला. बाप मिशनच्या बंगल्यावर माळी. आई प्रभुभोजनाची भाकर करायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी येशूच्या मरणाची आठवण म्हणून सगळी मंडळी भाकरीचा एक तुकडा खाते आणि प्याल्यातला घोटभर द्राक्षारस घेते, ते प्रभुभोजन. नंदुरबारला त्यासाठी पाव वगैरे नव्हता. आदल्या दिवशी उपास करायचा, गहू आपल्या हातानं दळायचे, आणि तेल-मीठ न घालता जाडसर पोळी भाजायची. आई गेल्यावर ते काम केशरबाईकडे आलं. तिची चारपैकी दोन पोरं देवीच्या साथीत गेली, नवरा श्रीपत तापट निघाला, जिनिंगचा कारखाना बंद पडून घरात उपासमार झाली, पण नंदुरबार सुटेपर्यंत पहिल्या रविवारची पोळी तिनं कधी चुकवली नाही. हे मला तिनं एकदा नाही, शंभरदा ऐकवलं. मी पातेलं घासत असायचे आणि ती मागे उभी राहून ऐकवायची.

जिनिंग बंद पडल्यावर श्रीपतमामा सुरतेला मिलमध्ये लागले आणि सगळं घर उधन्याला आलं. राज्यं वेगळी झाल्याला दीड-दोन वर्षं झाली होती. भाजीवाला मराठी ऐकली की तोंड फिरवायचा आणि आमची माणसंही काही कमी नव्हती, गुजराती दिसला की नाक मुरडायची. देवळात एकाच छपराखाली सगळे बसायचे, पण गुजराती पुढे आणि खानदेशी मागे. तसं कुणी सांगितलेलं नव्हतं. उपासना गुजरातीत चालायची. केशरबाईला त्यातलं निम्मं कळायचं, तरी ती ताठ बसून राहायची आणि गीताची चाल ओळखीची असली की मराठी शब्द मोठ्यानं म्हणायची. पुढची माणसं वळून बघायची. तिला त्याचं काही नाही.

मग तो रविवार आला. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

केशरबाईनं आदल्या दिवशी उपास धरला. आमच्याच मंडळीतल्या शेजारच्या कलाबाईचं जातं मागून आणलं आणि अर्धी रात्र घरघर करत बसली. मी म्हटलं, "आत्याबाई, तिथं पाव असतो. बेकरीतून आणतात." आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. ती म्हणाली, "त्यांना कुणी करून देणारं नसेल म्हणून पाव आणतात." मला तेव्हाच कळलं की हे काही नीट होणार नाही. पण तिला अडवायची कुणाची छाती होती? सकाळी तिनं पोळी भाजली, स्वच्छ फडक्यात बांधली, आणि देवळात सगळ्यांच्या आधी जाऊन प्रभुभोजनाच्या मेजावर पावाच्या ताटाशेजारी ठेवून आली. मग मागे येऊन बसली. तोंडावर असं समाधान होतं की मला तिचा रागच आला.

पाळकसाहेबांनी नेहमीचा इशारा दिला, की मन तपासून या, जो अयोग्य रीतीनं खातो तो दोषी ठरतो. मग मंडळीचे पंच पुढे आले. त्यांच्यात मुख्य पुंजाभाई. मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम, अंगावर इस्त्रीचा सदरा, देवळातही कामगारांवर ओरडावं तसं बोलायचा. त्यानं फडकं उचललं, आत बघितलं, दुसऱ्या पंचाकडे सरकवलं आणि म्हणाला, "आ डोशीनी रोटली बाजु पर मूको."

गुजरातीत म्हातारीला डोशी म्हणतात. भाजीवाली म्हणते, बसवाला म्हणतो, सगळेच म्हणतात. पण केशरबाईला गुजराती येतच किती होतं? आताच पाळकसाहेब दोषी म्हणाले होते, ते तिच्या कानात होतं. तिनं ऐकलं, या दोषीची रोटी बाजूला ठेवा. सगळ्या मंडळीसमोर, मेजावरून.

ताट फिरत फिरत आमच्या बाकापाशी आलं, तसा तिनं पदर डोक्यावर घेतला आणि ताट तसंच माझ्याकडे दिलं. मी माझा तुकडा घेतला. प्याले आले, तेही तिनं घेतले नाहीत. घरी येताना रेल्वे फाटकाशी ती म्हणाली, "मी काय केलं, ते त्याला कुणी सांगितलं?" मला काही उमजेना. तेव्हा तिनं सांगितलं की पुंजाभाई तिला काय म्हणाला. मी तिथल्या तिथं समजावलं, की आत्याबाई, डोशी म्हणजे म्हातारी, त्यांच्याकडे तसंच म्हणतात. माझं पुस्तकी बोलणं तिला कधी पटलं होतं का, की ते पटेल? पुढच्या आठवड्यात कलाबाईनं सांगितलं. मग सुकदेवनं. महिन्याभरात तिला स्वतःलाही कळलं, कारण चाळीतली गुजराती पोरं तिला डोशीमा म्हणूनच हाक मारायची.

तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलं एकदाचं. कुठलं काय. ती म्हणाली, "त्यानं येऊन सांगावं, की मी तुला दोषी म्हटलं नाही. मंडळीसमोर म्हणाला ना? मंडळीसमोरच सांगावं. तोवर मी त्या मेजाचं खाणार नाही."

सुकदेव पुंजाभाईकडे गेला. तो हसला. म्हणाला, "डोशीने डोशी न कहुं तो शुं कहुं?" आणि वर ऐकवलं, की देवळात घरची रोटली आणायची पद्धत खानदेशात असेल, इथे नाही. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. पाळकसाहेबांनी दोघांना बोलावलं, तर हा म्हणतो मी काय चूक केली, आणि ही म्हणते तो खाली मान घालून का बसला नाही. पाळकसाहेब कंटाळले. त्यांना तरी दुसरी कामं नव्हती का?

तुम्ही म्हणाल, एवढं झालं तर बाईनं देऊळ सोडलं असेल. सोडलं असतं तर मी सुखी झाले असते. ती उलट दुप्पट जाऊ लागली. शनिवारी देऊळ झाडायला ती, बुधवारी खानदेश्यांच्या घरोघरी प्रार्थनेला ती, रविवारच्या शब्बाथशाळेत मराठी पोरांना वचनं पाठ करून घ्यायला ती. पोराच्या जिभेवर गुजराती शब्द आला की डोक्यात टपली. दुपारी घरी बसून लूमवाल्यांची बॉबिनं भरायची आणि तोंडानं मोठ्यानं प्रार्थना करायची. त्यात आमच्या सगळ्यांची नावं यायची, माझं शेवटी. प्रभुभोजन झालं की मंडळी गप्पा मारत बाहेर पडायची आणि ही मागे राहून ते छोटे प्याले विसळायची. ज्या प्याल्याला तोंड लावायचं नाही तो महिन्याच्या महिन्याला धुवायचा. मला तर ते बघून चीड यायची. मी एकदा म्हणाले, "तुम्ही हट्टानं स्वतःलाच उपाशी ठेवताय, त्या पुंजाभाईला काय फरक पडतो?" तिनं माझ्याकडे पाहिलं सुद्धा नाही. म्हणाली, "भाताकडे बघ, लागतोय."

तिच्या हट्टापायी आमचं काय काय झालं ते कुणी विचारत नाही. सुकदेवला पंचांत घ्यायचं ठरत होतं, ते राहिलं. श्रीपतमामा मरताना म्हणाले, की केशर, एकदा माझ्याशेजारी बसून भाकर घे, मग मी जातो. पाळकसाहेब खाटेशी ताट घेऊन उभे होते. तिनं मामांचं डोकं मांडीवर घेतलं, त्यांना तुकडा भरवला, आणि स्वतः नाही घेतला. मामा गेले. मला त्या दिवशी त्या बाईचं तोंड बघू नये असं वाटलं. आपल्या माणसाच्या शेवटच्या शब्दापेक्षा एका जॉबरचा शब्द मोठा?

अडुसष्ट साली तापीला पूर आला आणि पाणी शहरात शिरलं. उधना उंचावर, आमची चाळ कोरडी. नदीकाठच्या नानपुऱ्यातली माणसं मिळेल त्या गाडीनं, पायी, डोक्यावर बोचकी घेऊन येत होती. आणि त्यात भिजलेल्या मांजरासारखा पुंजाभाई, बायको, दोन सुना आणि लेकरं. पाळकसाहेबांनीच आमच्या खोलीकडे बोट दाखवलं होतं. मी दारात उभी. मला वाटलं, आता केशरबाई दार लावेल, आणि खरं सांगते, लावलं असतं तर मी आडवी गेले नसते.

तिनं चूल पेटवली. डाळ, भाकरी, वांग्याची भाजी. आपली गोधडी काढून त्याच्या सुनेच्या अंगावर घातली. पाणी ओसरेपर्यंत ती माणसं आमच्या एका खोलीत राहिली आणि आम्ही बाहेर व्हरांड्यात निजलो. पुंजाभाई जेवायच्या आधी डोळे मिटून गुजरातीत प्रार्थना करायचा, तेवढ्यात ती बाहेर जाऊन उभी राहायची. मग आत येऊन वाढायची. त्याच्या ताटातली भाजी संपली की न विचारता वाढायची, पण त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. त्याची बायको रडून माझ्याजवळ म्हणाली, की तुमच्या सासूबाई देवमाणूस आहेत. मी म्हटलं, असतील.

निघताना तो उंबऱ्यात थांबला. हात जोडले. म्हणाला, "डोशीमा, तमारो उपकार." आता डोशीमा म्हणजे त्यांच्यात मानानं म्हणतात, आजी म्हणावं तसं. पण ह्याला दुसरा शब्द सुचू नये? केशरबेन म्हणता येत नव्हतं? तो वेडा नव्हता. सहा वर्षं त्या एका शब्दावरून काय चाललंय ते त्याला पुरतं ठाऊक होतं. केशरबाईनं त्याच्या तोंडावर दार लावलं. त्या दिवशी मला तिचा राग आला नाही.

पुढे उधन्यातच मराठी उपासना सुरू झाली, रविवारी दुपारी, एका शाळेच्या खोलीत. खटपट सगळी केशरबाईची. पाळक धुळ्याकडचे, तरुण, मवाळ. आम्हाला वाटलं, आता तरी ही भाकर घेईल. इथं पुंजाभाई नाही, गुजराती नाही, आणि तिला पोळीसुद्धा करायला सांगितली. पोळी तिनं केली. उपास धरून, गहू दळून, अगदी नंदुरबारसारखी. सगळ्यांनी तिच्या हातची खाल्ली. तिनं नाही. पाळकसाहेब म्हणाले, "केशरबाई, आता काय अडलं?" ती म्हणाली, "तुम्ही वाढा."

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात ती अंथरुणाला खिळली. वय सत्तरीच्या आसपास. पोटात पाणी झालं होतं, डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं. हगणं-मुतणं सगळं मीच काढलं, कारण तिची लेक आपल्या सासरी. ती माझ्यावर डाफरायची, मी तिच्यावर. पण मला एकच लागून राहिलं होतं, की या बाईला असंच जाऊ द्यायचं नाही. जन्मभर देवाचं केलं आणि देवाच्या मेजावरून उपाशी उठायचं, हे काही खरं नाही. सुकदेवनं पुंजाभाईला निरोप धाडला. तो म्हणाला, गुडघे दुखतात. मग मीच आमच्या मराठी पाळकसाहेबांना बोलावलं. तिला न विचारता.

ते आले. खाटेजवळच्या स्टुलावर रुमाल पसरून त्यांनी भाकर आणि मनुकांच्या रसाचा प्याला ठेवला. केशरबाईनं सगळं बघितलं आणि मग माझ्याकडे. म्हणाली, "हिचं काम."

पाळकसाहेब म्हणाले, "माय, त्या माणसानं तुम्हाला दोषी म्हटलंच नव्हतं. सगळ्यांना ठाऊक आहे."

"मला पण ठाऊक आहे. त्याच महिन्यात कळलं," ती म्हणाली.

"मग?"

मी पाणी द्यायला गेले तर हातानंच नको म्हणाली. मग म्हणाली, "तेव्हा मी पन्नाशीची होते. डोशी नव्हते आणि दोषी पण नव्हते. आता दोन्ही आहे."

पाळकसाहेबांना कळलं नाही. मलाही नाही. तिनं सांगितलं. "पुरात तो माझ्या घरी जेवला. भाजी वाढताना मी मनात म्हणत होते, घशात अडकू दे याच्या. प्रत्येक घासाला म्हणत होते. त्याची नातवंडं शेजारी बसली होती तरी. शब्द त्यानं एकदा टाकला, पण द्वेष मी रोज केला. झाडू मारताना केला, प्रार्थना करताना केला. असा मनात ठेवून मी भाकर कशी घ्यायची? इशारा तुम्हीच देता ना?"

"प्रभू क्षमा करतो, माय."

"तो करेल. मी त्या पुंजाला करत नाही ना." तिचा आवाज एकदम घरातला झाला, मला चहावरून बोलायची तसा. "घ्यायच्या आधी मला म्हणावं लागेल, की मी माफ केलं. म्हणावं लागेल की नाही?"

पाळकसाहेब खरं बोलले. "हो, म्हणावं लागेल."

"मग उचला ते. देवाची भाकर तोंडात घेऊन मी खोटं बोलणार नाही."

मी पुढे झाले. मी तिला म्हणाले, नुसतं म्हणा ना आत्याबाई, कोण बघायला येतंय, तोंडानं म्हणा. मी रडत होते, मला लाज वाटली नाही. मी एवढी वर्षं तिला हट्टी म्हणत आले होते, आणि ती काय खाऊन राहिली होती ते मला आता कळत होतं. तिला त्या तुकड्याची किती भूक होती ते मी तिच्या डोळ्यांत बघितलं. ती रुमालाकडेच बघत होती. पण ती म्हणाली नाही. पाळकसाहेबांनी भाकर परत बांधली. तीन दिवसांनी केशरबाई गेली.

मातीला पुंजाभाई आला. गुडघे त्या दिवशी दुखले नसावेत. काठी टेकत पुढे आला आणि कुणी सांगितलं नसताना बोलायला उभा राहिला. म्हणाला, फार भली बाई, पुरात आम्हाला जेवू घातलं. आणि मग हसत हसत ती गोष्ट सांगितली. मी म्हटलं डोशी, बाईनं ऐकलं दोषी, आणि बघा, सतरा वर्षं रुसून बसली. लोक हसले. मोठ्यानं नाही, मयताला हसतात तेवढंच. सुकदेवसुद्धा हसला. पुंजाभाई ती गोष्ट इतक्या सफाईनं सांगत होता की ती त्यानं किती जणांना सांगितली असेल ते कळत होतं. रुसून बसली म्हणे. मी मूठभर माती टाकली आणि सगळ्यांच्या आधी घरी आले.

पुढचा रविवार महिन्याचा पहिला होता. केशरबाईच्या नावानं मराठी आणि गुजराती दोन्ही मंडळ्यांनी शहरातल्या देवळात एकत्र प्रभुभोजन ठेवलं. मराठीवाले यावेळी पुढे बसले. ताट घेऊन पुंजाभाई आला. वय झालं तरी पंच तोच. माझ्यापुढे ताट धरून उभा राहिला आणि मान हलवून म्हणाला, "लो, बेन."

मी इतकी वर्षं तुकडा घेत आले होते, न चुकता. पाळकसाहेबांनी आताच सांगितलं होतं की मन तपासा. मी तपासलं होतं. त्या माणसाचं तोंड समोर होतं आणि माझ्या मनात त्याच्याबद्दल जे होतं ते मी इथं लिहीत नाही. सुकदेवनं कोपर मारलं. मी ताट हातात घेतलं आणि तसंच कलाबाईकडे दिलं.